गॅरेजातली बालवाडी आणि आमची कमिटी

गाऱ्हाण्यात बोलायचा शब्द एकच, "व्हय म्हाराजा!" हा नियम मला पाचव्या वर्षी सांगण्यात आला. आमच्याकडे काहीही नवीन करायचं म्हटलं की आबा नारळ हातात घेऊन उभे राहतात आणि गावाच्या वतीने देवाशी बोलतात. ते एकेक मागणं मागतात आणि प्रत्येक मागण्याला सगळा गाव एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतो. एक जरी 'व्हय' कमी पडला तर गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही, आणि ते पोचल्याशिवाय नारळ फोडायचा नाही. मी तेव्हा विचारलं होतं, "आबा, एखादं मागणं आपल्याला पटलं नाही तर?"

"बाय, हें विचारपाचें न्हय," आबा म्हणाले होते.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमचा गाव पाळीच्या थोडा अलीकडे, खाणींच्या पट्ट्यातला. गोवा घटक राज्य झालं त्याच सुमाराला मी म्हापशाहून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले आणि घरी परत आले. गावात तेव्हा एक कमिटी स्थापन झाली होती. खाणीवरच्या ट्रकांचं एक जुनं गॅरेज होतं. कंत्राटदार गाशा गुंडाळून गेला, जागा गावाकडे आली. तिथे बालवाडी काढायची, असं ठरलं. आबा कमिटीचे अध्यक्ष. उपाध्यक्ष विठूमास्तर, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. आणि सेक्रेटरी मी! माझ्या डिग्रीमुळे नव्हे, हं. "चलयेचें अक्षर बरें आसा," पोरीचं अक्षर चांगलं आहे, एवढ्याच कारणासाठी.

सभेच्या इतिवृत्तात काय मावतं? "चर्चा झाली. सर्वानुमते ठरले." बाकीचं सगळं माझ्या डोक्यात साठत गेलं. आता तर अशी परिस्थिती आहे की मैत्रिणी चहाला बोलावतात आणि चहा यायच्या आधीच म्हणतात, "ए, ते माशांचं सांग ना!"

तर आधी माशांचं.

*

गॅरेजच्या आवारात एक विहीर होती, आबांच्या भाषेत बांय. पाणी दिसायला चांगलं, पण उन्हात त्यावर रंगीत तवंग दिसायचा. मी पहिल्याच सभेत म्हटलं, "इथे कित्येक वर्षं ऑइल आणि बॅटऱ्या हाताळल्यात. बालवाडीतली मुलं हे पाणी पिणार. आधी पाणी तपासा, माती तपासा."

विठूमास्तर हसले. "अगं, पाणी तपासायला प्रयोगशाळा कशाला? आमच्या लहानपणी विहिरीत मासे सोडायचे. मासा जगला, पाणी शुद्ध! निसर्गाचीच प्रयोगशाळा!"

ओहळातले पाच-सहा मासे पकडून आणले आणि समारंभपूर्वक विहिरीत सोडले. मास्तरांनी छोटंसं भाषणही केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी कमिटी काठावर वाकून उभी. मासे नाहीत! जिवंत नाहीत, मेलेलेही नाहीत.

"खोल गेले असणार," मास्तर म्हणाले. "माशांना खोल पाणी आवडतं. म्हणजे पाणी उत्तम!"

"तळाक जाऊन मेले आसल्यार?" आबांना शंका आली.

यावर तासभर वाद झाला. शेवटी मी वहीत लिहिलं, "मासे गैरहजर. विषय पुढील सभेत."

गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये मल्लवा राहायची. बेळगावकडची, बालवाडीचं बांधकाम करायला नवऱ्याबरोबर आलेली. तिची चार वर्षांची रेणवा म्हणजे आमच्या बालवाडीच्या यादीतलं पहिलं नाव. संध्याकाळी मी सहज मल्लवाला विचारलं, "काल विहिरीत मासे सोडले होते. तुला कुठे दिसले का गं?"

"ते व्हय? पहाटे पाण्यावर निपचित पडलेते, बाई. बादलीनंच काढले. कालवण केलं." मग जरा विचार करून म्हणाली, "बरं होतं. फक्त जरा रॉकेलवानी लागलं!"

*

मल्लवाचा हा अभिप्राय मी शब्दशः सभेत वाचून दाखवला. तेव्हा कुठे कमिटी थोडी हलली. विहिरीवर तात्पुरता धोक्याचा फलक लावायचं ठरलं.

फलक लावायचा, पण कुठल्या भाषेत? झालं! राज्यात भाषेचं आंदोलन नुकतंच होऊन गेलेलं, सगळेच अजून तापलेले. विठूमास्तर म्हणाले, "मराठीतच! 'सदरहू कूपातील जल प्राशन करू नये.'" आबा म्हणाले, "गांवची भास कोंकणी. कोंकणींतूच जाय." मास्तर उठून उभे राहिले. आबाही उठून उभे राहिले. दोन सभा या एका फलकावर गेल्या आणि तोवर विहिरीवर कोरी फळी लटकत होती.

मी मल्लवाला विचारलं, "तुला कुठली भाषा वाचता येते?"

"मला? कुटलीच न्हाई की वो!"

म्हटलं, प्रश्न सुटला. लाल रंगाचा डबा घेतला आणि फळीवर मोठी कवटी काढली, खाली दोन हाडं. जगात कुठेही लावा, कळायलाच हवं! कॉलेजात अ‍ॅसिडच्या बाटल्यांवर तीन वर्षं हेच चित्र बघत आले होते. घरी येऊन आरशासमोर उभं राहून स्वतःचं कौतुकही केलं.

तिसऱ्या दिवशी गेले, तर कवटीपुढे एक मेणबत्ती, एक पाव, दोन विड्या आणि बाटलीच्या तळाशी बोटभर फेणी! कवटीला झेंडूची माळ. आमच्याकडे गावाच्या सीमेवर राखणदार देवचार असतो, त्याला हा असाच मान देतात. लोकांना वाटलं, कमिटीने विहिरीवर देवचार बसवला.

मल्लवा घागर भरत होती. मी ओरडले, "अगं, चित्र बघितलं नाहीस?"

"बघितलं की!" ती म्हणाली. "हितला देव लई कडक दिसतोय. म्हणून रोज आधी पाया पडते, मगच पाणी घेते!"

पुढच्या सभेत आबांनी गंभीरपणे सांगितलं, की आता राखणदार बसला आहे, तेव्हा ही विहीर बंद करण्याचा विषय पुन्हा काढायचा नाही. फलक काढू म्हटलं तर म्हणाले, "काडून पळय!" म्हणजे, काढून तर बघ!

*

आता मांद्र्याची सहल. वहीत 'अभ्यास दौरा' असं लिहिलंय.

पेडण्याला मांद्र्याच्या किनाऱ्याजवळ एका बाईने बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या होत्या. पडीक कारखान्याचं काय करता येतं ते बघून यावं, ही कल्पना माझीच. जीप केली, कमिटी निघाली. तिथे पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते आणि स्वयंपाकघरातून इसवणाच्या हुमणाचा, म्हणजे सुरमईच्या कालवणाचा, वास येत होता. माझा अभ्यास दौरा तिथेच बुडाला.

कमिटी जेवायला बसली. मालकीणबाईंनी मला एकटीला मागच्या बाजूला नेलं. "हे बघ," त्या म्हणाल्या, "आम्ही पहिल्यांदा काय केलं असेल तर जुनी जमीन उखडली. पाइपांतून काय काय गळलेलं होतं कोणाला माहीत! कमरेएवढी माती काढून टाकली. एक अख्खा पावसाळा जागा तशीच उघडी ठेवली. मग नवीन माती, मग फरशी. लोक आले की पडदे बघतात. खालचं कोणी विचारतच नाही!"

मी धावत पंगतीत आले. "आबा, चला ना, मागे बघायला! महत्त्वाचं आहे!"

"सोलकढी येता," आबा म्हणाले. "बस."

परतीच्या वाटेवर मी प्रत्येकाला विचारलं, काय शिकलात? मास्तर म्हणाले, "पडदे हवेत. प्रसन्न वाटतं." आबा म्हणाले, "रंग बरो आसा. गुलाबी." ड्रायव्हर अभ्यास मंडळात नव्हता, तोच एकटा म्हणाला, "बाय, त्यांनी जमीन उखडली म्हणे?"

पुढच्या आठवड्यात गॅरेजच्या भिंतींना गुलाबी रंग लागला. जमीन तीच!

*

मग मी ठरवलं, आपणच तपासून आणायचं. घरात लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या होत्या. पाच-पाच वेळा गरम पाण्याने धुतल्या. एकीत विहिरीचं पाणी घेतलं, दुसरीत विहिरीशेजारची माती. दोन्हींवर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि सकाळच्या बसने म्हापशाला कॉलेजात न्यायच्या म्हणून ओट्यावर ठेवल्या.

सकाळी पाण्याची बरणी होती. मातीची रिकामी!

"ती बारीक माती तूच आणलेलीस ना?" काकींनी विचारलं. काकी म्हणजे आबांची बायको. घर शेजारीच, ओटा एकच. "तुळशीत घातली. कितली बरी माती!"

मी पाणी घेऊन गेले. आमच्या केमिस्ट्रीच्या बाईंनी माझ्यासमोरच तपासलं, चेहरा गंभीर करून कागदावर लिहून दिलं: आम्ल आहे, शिसं आहे, पिण्यास अयोग्य. लहान मुलांना तर अजिबात देऊ नये.

कागद सभेत वाचला. मग विठूमास्तरांनी विचारलं, "पाणी कशातून नेलंस?"

"बरणीतून."

"कसली बरणी?"

"लोणच्याची. पण मी ती..."

"अहो, मग आम्ल निघणारच!" मास्तरांनी आबांकडे बघून हात पसरले. "लिंबाचं आहे ते!"

"आणि शिसं, मास्तर? शिसं काय मोहरीतून आलं?"

"मोठ्यांशी असं बोलू नये," मास्तर म्हणाले. कागद बाजूला पडला.

आठवड्याभरात आबांच्या अंगणातली तुळस खालून वर काळी पडत गेली. काकी रडायच्या बेताला आल्या. आबा वृंदावनापुढे उभे राहून बराच वेळ बघत होते. "दिश्ट लागली," ते म्हणाले.

"हो आबा," मी म्हटलं. "बॅटरीची!"

त्या दिवशी ते माझ्याशी बोलले नाहीत. पण तुळशीतली माती त्यांनी स्वतः उपसून काढली, हेही मी बघितलं.

*

मिंगेलबाबचा किस्सा मला स्वतःला सगळ्यात आवडतो. मिंगेलबाब म्हणजे त्या गॅरेजचा जुना मेकॅनिक. उभं आयुष्य तिथे गेलं. जुन्या बॅटऱ्या कुठे पुरल्या हे जगात फक्त त्याला माहीत. मी दहा वेळा विचारलं. दहाही वेळा एकच उत्तर: "बाय, हांवें कंपनीचें मीठ खाल्लां. हांव सांगचो ना."

"कंपनी तर पळाली, मिंगेलबाब!"

"मीठ पोटांत आसा न्हय?"

एक दिवस तो आवारातून येताना दिसला. सरळ यायचं सोडून मध्येच त्याने छान वळसा घातला आणि पुन्हा सरळ चालू लागला. तिथे दगड नव्हता, खड्डा नव्हता, काही नव्हतं. मी मनात म्हटलं, अरेच्चा!

दुसऱ्या दिवसापासून मिंगेलबाबला कामं सुरू झाली. "मिंगेलबाब, ती टेप धरा त्या कोपऱ्यात." "मिंगेलबाब, जरा इकडे या, चहा घ्या." "मिंगेलबाब, कप तिकडे मल्लवाला द्या." बिचारा आवारभर उभा-आडवा चालत राहिला. मी हातात चुना घेऊन उभी. तो जिथे जिथे वळला, तिथे तिथे ठिपका! चार दिवसांत आवारात पांढरी चार वर्तुळं तयार झाली. पायांना सवय होती. कंपनीचं मीठ पायांपर्यंत पोचलं नव्हतं!

मल्लवाच्या नवऱ्याने पहिल्या वर्तुळात कुदळ मारली. दोन हात खोलीवर फुटक्या बॅटऱ्यांचा ढीग. दुसऱ्यात तेच, तिसऱ्यात तेच. माती पांढरट, उग्र वासाची. मिंगेलबाब तिथेच उभा होता, हात मागे बांधून.

"मिंगेलबाब!" मी म्हटलं.

"तुवें कितलेंय विचारलें," तो शांतपणे म्हणाला, "हांवें एकदांय सांगलें ना."

मग माझ्या हातातली चुन्याची पिशवी घेतली, चौथ्या वर्तुळापाशी गेला आणि त्यावर स्वतः आणखी एक मूठ चुना टाकला.

चौथं वर्तुळ विहिरीच्या काठालाच टेकलेलं होतं. कवटीच्या बरोबर खाली. तिथे कुदळ लावायला आबांनी मनाई केली. राखणदाराच्या पायांशी खणायचं नाही! मी म्हटलं, "मग निदान विहीर बंद करा, देवळाकडच्या नळावरून पाणी आणा." मास्तर म्हणाले, "तीन खड्डे काढले ना? झालं की! तुझं समाधान म्हणून काढले." वहीत लिहिलं गेलं, "जागा स्वच्छ झाली. सर्वानुमते ठरले." सेक्रेटरी म्हणून सही माझी हवी होती. मी केली नाही. मास्तरांनी माझ्या नावापुढे 'तोंडी संमती' असं लिहिलं!

*

आणि आता उद्घाटनाचं.

पणजीहून एक साहेब येणार होते. मंडप घातला, गुलाबी भिंतींना आंब्याचे टहाळे लावले, मास्तरांचे पडदेही लागले. सकाळपासून गाव जमला. पुढे बाप्ये, मागे बायका. दारात स्टीलचं नवंकोरं पिंप ठेवलेलं, त्याला तोटी, साखळीला बांधलेला पेला. पिंप त्या विहिरीच्या पाण्याने भरलेलं. बारा मुलं, गावची भुरगीं, नवे कपडे घालून रांगेत बसली होती आणि पहिली रेणवा. रिबिनी लावलेली, नजर त्या चकचकीत तोटीवर. गाऱ्हाणं झालं, नारळ फुटला, की साहेबांच्या हस्ते पहिला पेला तिला द्यायचा, असा कार्यक्रम होता. कार्यक्रमपत्रिका माझ्याच अक्षरात होती. ती लिहिताना 'पहिला पेला' पर्यंत आले आणि पेन खाली ठेवलं. पुढचं मास्तरांनी लिहिलं.

सकाळी आबांना म्हटलं होतं, "आबा, तुम्ही तुळशीतली माती काढलीत. तुम्हाला माहीत आहे."

"बाय, आज गाऱ्हाण्याक उबें रावपाचें," एवढंच आबा म्हणाले. "मागीर बोलूंया."

आबा विहिरीकडे तोंड करून उभे राहिले. धोतर, उपरणं, हातात नारळ. आवाज असा की डोंगरापलीकडे जावा.

"बा देवा राखणदारा म्हाराजा! आज गांवचो मेळ तुज्या पायांकडेन एकठांय जाला रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या जाग्यार भुरगीं शिकपाक बसतलीं, तांकां बरी बुद्द दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

"साहेब पयसुल्ल्यान आयले, तांची वाट बरी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी ह्या बांयचें उदक भुरग्यांक अमृत जांव दी रे म्हाराजा!"

"व्हय..."

"न्हय म्हाराजा!" मी म्हटलं.

बाप्यांच्या रांगा एकदम मागे वळल्या. आईने माझा हात घट्ट धरला. विठूमास्तर कुजबुजले, "अगं, गाऱ्हाणं चालू आहे!" साहेब शेजारच्याला विचारत होते, काय झालं.

आबा वळले नाहीत. मला ऐकू गेलं नसेल अशा थाटात त्यांनी तेच मागणं पुन्हा, अधिक मोठ्याने म्हटलं. ह्या बांयचें उदक. भुरग्यांक. अमृत.

"न्हय म्हाराजा!"

या वेळी आवाज दोन होते. दुसरा पुरुषाचा होता, म्हातारा होता, आणि टोपी काढून हातात धरलेल्या माणसाचा होता.

आबा सावकाश वळले. माझ्याकडे बघितलं, मिंगेलबाबकडे बघितलं, मग पिंपासमोर बसलेल्या रेणवाकडे. पुढच्या रांगेतले सगळे म्हातारे खाली बघत होते.

नारळ आबांच्या हातातच होता.